धान्य आपलं, दळणही आपलं : साथीच्या काळात सिलियाकचं पथ्य कसं सांभाळायचं

सिलियाक हा आतड्याचा आजार असलेल्या माणसाला गहू चालत नाही. चपाती, रवा, मैदा, शेवया, ब्रेड, बिस्किट यांतलं काहीच नाही, आणि तेही जन्मभर. कोरोनाच्या टाळेबंदीत मोठ्या शहरांतल्या आणि परदेशातल्या रुग्णांना घोर लागला होता तो ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि पास्ता आणायचा कुठून याचा. बेळगावच्या सीमाभागात तशी वेळ येत नाही. अथणी-रायबागकडे शाळू होतो, खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात भात आणि नाचणी होते, आणि निम्म्या घरांत दुपारच्या ताटात भाकरीच असते. आपली अडचण वेगळी आहे. ते धान्य दळतं कोण, शिजवतं कोण आणि आजारपणात वाढतं कोण, हे साथीत आपल्या हातात राहत नाही. म्हणून या लेखात पदार्थांपेक्षा दळणाबद्दल जास्त लिहिलंय.

आधी आजाराविषयी थोडं, कारण घरातल्या प्रत्येकाला तो समजलेला असला तरच पथ्य टिकतं. गहू, जव आणि राय (राई म्हणजे मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, मुलांची उंची थांबते, आणि कित्येकांना पोटाची काहीच तक्रार नसते, नुसतं रक्त कमी असतं. यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध.

हे पथ्य किती कडक? रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. एका चपातीत दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग रोज गेला, तरी पुरे. परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ किंवा गिरणीच्या पाळ्यांत अडकलेला गहू तेवढं काम सहज करतो. ‘एक घास खाल्ला तर काय होतंय’ म्हणणाऱ्या आत्या-मावशीला हा हिशोब शांतपणे सांगा. बहुतेक वेळा पटतो.

दळणाची सोय

हे काम साथ दाराशी यायच्या आधी करायचं. टाळेबंदीत गिरण्या ठरावीक वेळच उघडतात, रांग लागते, आणि त्या गर्दीत “आधी यंत्र साफ करून द्या” म्हणायची सोय राहत नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे घरगुती आटा चक्की. ती फक्त भाकरीच्या धान्यासाठी ठेवायची, गव्हाचा दाणा तिच्यात कधीच पडू द्यायचा नाही. खर्च झेपत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. मधुमेहामुळे ज्वारी-नाचणीवर आलेली घरं गल्लीत असतातच, त्यांनाही ती उपयोगी पडते. पण तीन घरांत फिरणाऱ्या चक्कीवर ‘गहू घालू नये’ हे मोठ्या अक्षरांत मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून चिकटवा. सांगितलेलं विसरतं, लिहिलेलं राहतं.

चक्की नसेल तर घरातलं जातं बघा. पूर्वी त्यावर गहू दळला असेल तर पाळी उचलून खाचा कोरड्या ब्रशने नीट झाडायच्या, मग एक-दोन किलो तांदूळ दळून ते पीठ जनावरांना घालायचं, आणि त्यानंतर जातं फक्त आपल्या धान्यासाठी राखायचं. थोडक्या पिठाला मिक्सरही चालतो. तांदूळ आणि नाचणी धुऊन कडकडीत वाळवून फिरवली आणि दोनदा चाळली तर भाकरीजोगं पीठ मिळतं.

गावच्या गिरणीवरच जावं लागत असेल, तर मालकाशी आधी बोलून ठेवा. पुष्कळ गिरण्यांत गव्हाचं आणि ज्वारीचं यंत्र वेगळं असतं. तसं असेल तर अर्धं काम झालं. तरीही विचारा, कारण गव्हाच्या यंत्राचा पट्टा तुटला की गहू या यंत्रावर येतो. “अण्णा, आठवड्यातनं एक दिवस सकाळचं पहिलं दळण आमचं घ्या, लेकराच्या औषधासारखं आहे ते,” असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. पहिलं दळण अशासाठी, की रात्रभरात हवेतलं पीठ खाली बसलेलं असतं. वरचा चाडा आणि पीठ पडतं तिथली कापडी पिशवी झाडून घ्यायला सांगा. आपलीच एक-दोन किलो ज्वारी आधी दळून ते पीठ वेगळ्या डब्यात घ्या, ते घरातल्या बाकीच्यांनी खावं. त्यानंतरचं पीठ रुग्णाचं. डबा आणि झाकण घरचंच हवं. यात धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून ज्यांची रक्तातली सिलियाकची अँटीबॉडी (ग्लुटेन पोटात जात राहिलं की वाढलेली राहते ती) पथ्य पाळूनही खाली येत नाही, त्यांनी गिरणीचाच संशय आधी घ्यावा, असं मला वाटतं.

धान्य निवडायचं कसं आणि किती भरायचं

शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे. शेजारशेजारच्या वावरात उभे असतात, एकाच मळणी यंत्रातून निघतात, त्याच पोत्यांत भरले जातात. त्यामुळे बाजारच्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडणं नवल नाही. ज्वारी ताटात पसरून उजेडात दोनदा निवडा. गोल दाण्यांत गव्हाचा लांबट, मधे चीर असलेला दाणा लगेच दिसतो. नाचणी निवडत बसू नका. ती बारीक चाळणीने चाळा. नाचणी खाली पडते, गहू वर राहतो. मग धुऊन वाळवा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून, गहू न मळलेल्या यंत्रातली ज्वारी मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या.

हिशोब सोपा आहे. भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ धरलं आणि दिवसाला चार भाकऱ्या, तर महिन्याला सुमारे ७ किलो होतं. भाताला रोज १२५ ग्रॅम तांदूळ म्हणजे महिन्याला ४ किलोच्या आत. दोन महिन्यांचं धान्य एका माणसासाठी एका कोठीत मावतं. साठवायचं ते धान्य, पीठ नव्हे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते, बाजरीचं तर आठ-दहा दिवसांत कडू लागतं. महामारीत माणूस पंधरा दिवस अंथरुणाला खिळू शकतो, म्हणून पंधरा दिवसांचं पीठ मात्र दळलेलं हाताशी असू द्या.

आपल्याकडची कडक भाकरी या कामाला फार मोलाची. पातळ थापून, भाजून, खडखडीत वाळवलेली ज्वारीची भाकरी डब्यात बंद ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते. शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि दही घेतलं की जेवण झालं. जवस निर्धास्त खा; टाळायचा तो जव, म्हणजे बार्ली. कडक भाकऱ्या विकत घेत असाल तर बनवणाऱ्या बाईंना एवढंच विचारा, की त्याच परातीत चपातीची कणीक मळतात का.

रेशनचं पाहायचं तर एप्रिल २०२० पासून केंद्राच्या योजनेत माणशी ५ किलो धान्य महिन्याला मोफत मिळत होतं. रेशनचा तांदूळ निवडून, धुऊन खुशाल वापरा. गहू वाट्याला आला तर तो घरात दळून आणूच नका, तांदळाच्या बदल्यात शेजारी द्या. मदतीच्या किटमध्ये आटा, रवा आणि बिस्किटं असतात. ती नाकारायला संकोच वाटतो, पण वाटणाऱ्यांना आधी कळवलं तर त्याऐवजी तांदूळ, डाळ, पोहे मिळू शकतात.

न दिसणारा गहू

हे एकदा पाठ करून टाका. बाजारातला बांधणी हिंग बहुधा मैदा किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. त्यामुळे फोडणी, पापड, लोणचं, सांबार मसाला, भडंग या सगळ्यांत गहू शिरतो. हिंग न घालता, लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. इडली रवा तांदळाचा असतो, तो चालतो. रवा इडली गव्हाच्या रव्याची, ती चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. गोबी मंच्युरीत मैदा, आणि सोया सॉसमध्येही गहू. माल्टची पेयं जवापासून बनतात, आणि आजारपणात ‘शक्तीसाठी’ हौसेने आणली जातात तीच.

आणि खपली. आपल्या भागात खपलीचं कौतुक फार, हुग्गी (गव्हाची खीर) तिचीच उत्तम होते, मधुमेहाला बरी म्हणून डॉक्टरही सुचवतात. पण खपली हा गहूच आहे, तिच्यात ग्लुटेन आहे, सिलियाकला ती पूर्ण वर्ज्य. मल्टीग्रेन आट्याचंही तेच, त्यात सगळ्यात जास्त गहूच असतो.

पाकिटावर घटकांच्या यादीखाली ‘यात गहू आहे’ अशी सूचना भारतात सक्तीची आहे, ती वाचा. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायला किलोला २० मिलीग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. ओट्सही पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलं असेल तरच घ्या. सुट्या मालाला पाकीट नसतं, तिथे तोंडाने विचारायचं. दुकानदार कानडी बोलणारे असतील तर “इदराग गोधी ऐतेन्री?” (यात गहू आहे का हो?) एवढं मुलांनाही शिकवून ठेवा.

सगळे घरात कोंडलेले असताना

टाळेबंदीत घरातले सगळे तिन्ही त्रिकाळ घरी जेवतात. चपात्या दुप्पट लाटल्या जातात, मुलं फडताळ उघडून मिळेल ते खातात. माझं स्पष्ट मत आहे की तेवढ्या काळापुरता अख्ख्या घराने गहू बंद करावा. भाकरी, भात, आंबोळी, घावन, इडली यांवर कुणाचं काही अडत नाही, आणि एका मुलाला दिवसभर वेगळं पाडावं लागत नाही.

ते जमत नसेल, तर परात, पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी आणि लाकडी काठवट रुग्णाची वेगळी ठेवा. स्टीलचं भांडं घासून धुतलं की चालतं; लाकूड, चिरा गेलेला तवा आणि चाळणीची जाळी धुऊनही पीठ धरून ठेवतात. आधी भाकऱ्या आणि रुग्णाचा सगळा स्वयंपाक उरकून, झाकून, मगच कणीक मळायला घ्यायची. तूप, लोणचं, चटणी यांत चपातीचा तुकडा बुडू नये म्हणून त्यांच्या लहान बरण्या वेगळ्या करा. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळू नका.

मुलांना खाऊ लागतो, आणि घरात बसलेल्या मुलांना जास्त लागतो. नाचणीचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, तांदळाची चकली (हिंगाशिवाय), चुरमुरे. नुसत्या तांदळावर राहू नका. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि सिलियाकमध्ये हाडं आधीच कमजोर झालेली असतात. गहू वगळून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि धणे भाजून भाजणी केली तर थालीपीठही होतं, चवीला काही कमी नाही.

स्वयंपाक करणारीच आजारी पडली तर?

कोरोनात कितीतरी घरांत हेच झालं. आई अलगीकरणात, आणि पथ्य माहीत असलेलं दुसरं कुणी नाही. शेजारून प्रेमाने डबा येतो, त्यात चपाती-भाजी. म्हणून घरात निदान दोन माणसांना हे पथ्य येत असलंच पाहिजे. बाबांना, थोरल्या मुलाला, सासूबाईंना. नुसतं सांगून होत नाही. आठवड्यातला एक दिवस त्यांनीच सगळा स्वयंपाक करायचा, आईने मधे पडायचं नाही.

भिंतीवर एक कागद लावा. काय चालतं, काय नाही, कुठला डबा कुणाचा, पीठ कुठे, डॉक्टरांचा नंबर. डबा देणाऱ्या शेजाऱ्यांसाठी त्याचीच छोटी चिठ्ठी, मराठी आणि कन्नडमध्ये: ‘भात, साधं वरण हिंगाशिवाय, उकडलेली भाजी, दही, केळी, अंडी. चपाती, रवा, मैदा काही नको.’ लोकांना मदत करायची असते. नेमकं काय हवं ते सांगितलं तर त्यांनाही बरं वाटतं. गावच्या आशाताईंनाही (आशा आरोग्यसेविकांना) कळवून ठेवा, कारण अलगीकरण केंद्रात हलवायची वेळ आली तर पहिला निरोप त्याच देतात.

दवाखान्याची पिशवी

अलगीकरण केंद्रात किंवा दवाखान्यात सकाळी उप्पीट, दुपारी चपाती, संध्याकाळी चहा-बिस्किट असंच जेवण असतं. त्यामुळे तीन दिवस पुरेल अशी पिशवी तयार असावी. कडक भाकऱ्या, कोरडी चटणी, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गूळ, केळी. भाजलेल्या पोह्यांची पूड आणि गूळ, ती गरम दुधात किंवा पाण्यात कालवली की शिजवायला लागत नाही. नाचणीचं सत्त्व पाण्यात ढवळून शिजवलं तर आंबील होते, ताप असलेल्या माणसाला तेच गोड लागतं. ओआरएसची पाकिटं. स्वतःचं ताट, वाटी, चमचा.

दाखल होताना केसपेपरवर सिलियाकची नोंद करून घ्या, तोंडी सांगून थांबू नका. पाळी बदलली की नर्सताई बदलतात. कागदाची एक प्रत खाटेजवळ चिकटवा. जेवणात भात, वरण, दही, फळं, उकडलेली अंडी मागा.

औषधांच्या गोळ्यांत भरीला स्टार्च असतो. तो बहुतेक वेळा मक्याचा असतो, क्वचित गव्हाचाही. डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारा. तातडीचं औषध मात्र या शंकेपायी थांबवू नका. स्टेरॉइड मनाने घेऊ नका. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना कोरोनात त्याचा फायदा होतो. पण ते साखर वाढवतं, हाडं कमजोर करतं, आणि सिलियाकसोबत टाइप १ मधुमेह असणाऱ्यांना ते फार जपून द्यावं लागतं. काढा करायचा असेल तर सुंठ, मिरे, दालचिनी, तुळस घरीच कुटा.

जुलाब सुरू झाले तर गोंधळ होतो, कारण कोरोनातही जुलाब होतात. ताप, खोकला, अंगदुखी, वास जाणं सोबत असेल तर आधी तपासणी करून घ्या. ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून दोन दिवस घालवू नका.

धोका, लस आणि तपासण्या

सिलियाकमुळे कोरोना जास्त गंभीर होतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. पथ्य नीट असेल तर घाबरून जायचं कारण नाही. काही प्रौढांत, विशेषतः निदान उशिरा झालेल्यांत, प्लीहेचं, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणाऱ्या अवयवाचं, काम मंदावतं. त्यांनी न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूवरच्या) लशीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये ग्लुटेन नाही.

निदानानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने अँटीबॉडी तपासतात, पुढे साधारण वर्षातून एकदा. सोबत हिमोग्लोबिन, ड आणि बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड. तब्येत ठीक असेल तर साथीच्या लाटेत ही तपासणी दोन-तीन महिने पुढे गेली तरी बिघडत नाही. मुलांची उंची आणि वजन मात्र घरीच दर महिन्याला दाराच्या चौकटीवर आणि वहीत नोंदवा. फोनवर डॉक्टरांना विचारताना ती वही फार कामाला येते. फोनवर सल्ला देण्याचे नियम देशात २५ मार्च २०२० पासून ठरलेले आहेत, त्यामुळे संकोच नको.

आपल्याकडचा खास प्रश्न सीमेचा. निपाणी-चिकोडीकडची माणसं डॉक्टरांकडे कोल्हापूर-मिरजेला जातात, आणि साथीत कोगनोळी नाक्यावर अडतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून परत येताना आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते. म्हणून बेळगावात किंवा जवळच्या तालुक्याला एक डॉक्टर आधीच ओळखीचे करून ठेवा. बायोप्सीचा (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) आणि रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर असू द्या. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घरात हव्यात.

निदान व्हायचं असेल तर

सिलियाक उत्तर भारतात जास्त, दक्षिणेत कमी आढळतो. म्हणून आपल्या भागात तो लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, मूल खुजं राहतं, जुलाब थांबत नाहीत, तर स्वतःहून टीटीजी-आयजीए या सिलियाकच्या अँटीबॉडीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. सोबत रक्तातल्या आयजीए प्रकारच्या अँटीबॉडीचं एकूण प्रमाणही मोजतात. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला सिलियाक असेल तर त्रास नसला तरी ही तपासणी करावी.

साथीत दुर्बिणीच्या तपासण्या पुढे ढकलल्या जातात. मुलांमध्ये टीटीजी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही सिलियाकची दुसरी अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीशिवाय निदान चालतं असं युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनात आहे. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ५५ वर्षांखालच्या काही प्रौढांसाठीही तशी तात्पुरती मुभा दिली गेली. निर्णय डॉक्टरांचा, पण विचारायला हरकत नाही.

उपासमारीच्या काळातच हा आजार उलगडत गेला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांची सिलियाकची मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली. गव्हावरचा त्यांचा जुना संशय त्यातून पक्का झाला. तसंच टाळेबंदीत नुसत्या भात-भाकरीवर राहून तुमच्या घरातल्या कुणाचं जुनं पोट बरं झालं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. पण तपासणीआधी गहू मनानेच बंद करू नका. गहू बंद असताना रक्ताचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट खोटाच चांगला येतो. आधीच बंद केला असेल तर किती दिवस आणि किती गहू खाऊन तपासायचं, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.